तांब्याच्या खिळ्यांची फळी

बाबा, तुमच्या बोटीची मागची फळी मी कापली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुख्य गोष्ट राहून जाईल.

तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली. ऐंशीचं दशक सरत आलं, आणि बेटावरच्या हॉटेलच्या पाहुण्यांना आता तुमची चाळीस हॉर्सपॉवरची मोटर पुरत नाही. त्यांना दोघं दोघं एकदम बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरत जायचं असतं. मॅनेजरने बजावलं, गणपतीपर्यंत मोठी मोटर बसव, नाहीतर दुसरी बोट येईल. स्कीवाले ओढूनच आपली चूल पेटते, हे तुम्हाला काय सांगायचं! नवी बोट परवडणारी नव्हती, आणि खरं सांगू, मला ती नकोच होती.

तो दिवस अजून दिसतो. गणपती बुडवून आपण परतलोय. आपल्या ग्रां बुआ गावची मंडळी गुडघाभर पाण्यात उभी आहेत, आईच्या हातात कुंकवाची वाटी आहे, आणि तुम्ही मोटर बसते त्या जाड फळीत यंदाचा तांब्याचा खिळा ठोकताय. आजोबा उसाच्या गाडीच्या जुवाला दर वर्षी एक खिळा मारायचे, तीच ही रीत. मी बावीसचा, नुकतंच मोटरचं काम शिकलेला, शहाणपणा नुसता उतू चाललेला. म्हणालो, "बाबा, खिळ्याजवळ रंग फुगलाय. पाणी शिरतंय आत." तुम्ही हातोडी माझ्यावर रोखलीत. "पा तुसे! हात नाय लावायचा. देवाची जागा हाय ती. लय कळाय लागलं तुला!" सगळ्या गावासमोर. त्यानंतर मी त्या फळीबद्दल अवाक्षर काढलं नाही. लोकांना तो आदर वाटला. तो राग होता, बाबा.

तुमच्यामागे खिळे मीच ठोकत आलो. मागच्या महिन्यात जुनी मोटर उतरवली, तर मेकॅनिकचा स्क्रूड्रायव्हर फळीत मुठीपर्यंत गेला. "फिनी," तो म्हणाला. "हा लाकूड फिनी, संपला. मोठा मोतेर लावशील तर फळीसकट समुद्रात जाईल, दोरीवरचा माणूस पण." आजोबांचं जू कोरड्या अंगणात असायचं, बोट पाण्यात असते. एवढं तुमच्या ध्यानात आलं नाही, आणि ज्याच्या आलं होतं तो मी रुसून बसलो. त्याच फळीच्या भरवशावर मी इतकी वर्षं लोकांची पोरं ओढली.

आई ऐकेना. "मोतेर बदल, फळी नको रे. त्यांचा हात लागलाय तिला." आठवडाभर मी करवत घेऊन नुसताच फिरलो. शेवटी ती देवळात गेली असताना कापली, आणि खिळे वेचून तिच्या वाटीत ठेवले. त्या दिवशी ती जेवली नाही.

यंदा विसर्जनाहून परतल्यावर तिने नवा खिळा पुढे केला. "एवढा तरी मार." मी बोटीआड वाकलो, नव्या फळीला भोक पडू नये म्हणून खिळा खिशात टाकला आणि बाजूच्या लोखंडी पट्टीवर चार ठोके मारले. दुसऱ्या एका खिळ्याचं डोकं कापून मी आदल्या दिवशीच नव्या फळीला चिकटवून ठेवलं होतं. आईने त्याला कुंकू लावलं, हात जोडले आणि कितीतरी वेळ डोळे मिटून उभी राहिली.

तुम्ही असता तर नखाने टिचकी मारून ओळखलं असतं. हा कागद बोटीच्या खणातच राहील. आईला वाचता येत नाही, तेवढंच बरं.