स्वारगेट ते कात्रज

प्रिय तनू,

खालच्या बद्रीनाथला खडकीकडचं भाडं मिळालंय. त्याच्या रिक्षातून तुझ्या हॉस्टेलवर लाडू आणि हे पत्र पाठवतेय. लाडू मऊ झालेत, गुळानं घोटाळा केला. माझी शाळा तिसरीत सुटली, अक्षरंही तिथंच बसून राहिलीत, तेव्हा सावकाश वाच. फोन केला असता, पण तुझे आजोबा शेजारीच असतात. त्यांना सगळं समजतं. माणूस घरात नसल्यासारखं त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलणं मला नाही जमत.

तू फोनवर रडलीस ते डोक्यातून जात नाही. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवायचं तुमचं ते हॉस्पिटल, तिथं तुम्ही एवढ्या जणी इंटर्न, त्यातून एकीलाच कामावर ठेवणार, आणि मॅडमना तुझं नावही आठवत नाही. बाकीच्या मीटिंगमध्ये धडाधड बोलतात आणि तू गप्प. "आजी, मी दिसतच नाही गं कुणाला," म्हणालीस.

मला त्यातलं काय कळतंय? पण मला तो रविवार आठवतो. अर्धांगाचा झटका येऊन यांची वाचा गेल्यापासून जो तो यांना बोलकं करायला बघायचा. विजयमाला आत्या तुझी, चित्रं घेऊनच बसायची. अण्णा, म्हणा हत्ती! जन्मभर गाडीभर माणसांना दमात घेतलेला पीएमटीचा कंडक्टर, तो हत्ती म्हणेल होय? हे तोंड फिरवायचे. पुढं पुढं ओठसुद्धा हलवेनात. मग तू आलीस. चित्रं उचलून ठेवलीस, माझ्याबरोबर मेथी निवडत आजोबा कुठल्या गाडीवर असायचे ते विचारलंस, आणि यांच्याजवळ बसून नुसतं "स्वारगेट" म्हणालीस. मग गप्प. इतका वेळ गप्प की मला वाटलं पोरगी पेंगली. पुढचा थांबा माझ्या जिभेवर आलेला, तू हातानंच मला दटावलंस. कुकर शिट्ट्या मारत राहिला, मी उठले नाही. आणि यांच्या तोंडून आलं, "लक्ष्मीनारायण." तू तरी गप्पच. मग "अरण्येश्वर." मी त्या मेथीवरच रडले. भाजी खारट झाली असणार, पण कुणी काही बोललं नाही.

आता रोज संध्याकाळी गॅलरीतून आमची गाडी सुटते. पद्मावतीला हटकून अडकते. मी थांबते. कधी कात्रजला पोचतो, कधी बालाजीनगरलाच यांचा डोळा लागतो. काल मी खुर्चीच्या वाटेत बसले होते, तर मला म्हणाले, "पुढं सरका!" अगं, इतक्या महिन्यांनी माझ्यावर ओरडले! मी शेजारीपाजारी सांगून आले.

त्या रविवारी तू मोबाइलवर काढलेला व्हिडिओ इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांना दाखवू का, असं विचारलं होतंस. तो बघितला की मी उठून दिसेन, म्हणालीस. माझ्या तोंडात हो आलं होतं. पण चेहरा यांचा, म्हणून तू माझ्या फोनवर पाठवलेला तो यांना दाखवला. अंगात बनियन, ओठांच्या कडेला लाळ. यांनी शेवटपर्यंत बघितला आणि फोन पालथा घातला. रात्री जेवले नाहीत.

तेव्हा तो दाखवू नकोस, बाळा. हे कळवायलाच लिहायला बसले, पण आज सकाळी आणखी एक झालं. हे काठी टेकत कपाटापाशी गेले आणि चांगल्या डाव्या हातानं खाकी शर्ट ओढून काढला. बोट स्वतःकडं केलं, मग दाराकडं. "मी," म्हणाले. शर्ट इस्त्रीला दिलाय. त्या दिवशी हे स्वतः येणार आहेत, मॅडमना विचारून ठेव. सगळ्यांसमोर तू स्वारगेट म्हण. पद्मावतीला हे अडकतील. मोठे डॉक्टर घड्याळ बघतील, बाकीच्या पोरी पुढचं नाव सुचवायला बघतील, आणि नोकरीच्या धास्तीनं तुझ्याही ओठांवर ते येईल. तरी सांगू नकोस. माझ्या घरात बसली होतीस ना, तशीच बस.

पद्मावतीला तुझ्याबरोबर थांबणारी,
तुझीच आजी