शालिकरामभाऊंची जीभ

१० नोव्हेंबर १९३२, अमरावती

नोकरी गेली! म्हणजे अजून नाही, पण जाणार. नव्या वर्षापासून क्लबात स्टोअरचा कारकून ठेवायचा नाही, असं कमिटीनं ठरवलं. मंदी! सेक्रेटरीसाहेबांनी फार सभ्यपणे सांगितलं. बसायला खुर्ची दिली — तेव्हाच समजलो.

घरी सिंधूला सांगितलं. "मग अकोल्याला जाऊ. मामंजींबरोबर सत्यनारायण सांगा." हसत म्हणाली, पण म्हणाली. माझा आवाज पूजेत साफ फाटतो, आणि हे बाबांना माझ्याइतकंच ठाऊक आहे.

१४ नोव्हेंबर

कमिशनरसाहेबांची बदली झाली. १७ डिसेंबरला क्लबात निरोपाचं जेवण. त्यांच्या मडमबाईंना त्या दिवशी एकच पेय हवंय — संत्र्याचं, साय घातलेलं, आत रम. पूर्वी कुठल्याशा बोटीवर घेतलं होतं. कृती आठवत नाही! एवढंच आठवतं, की आधी संत्रं लागतं, मग साय, आणि रम शेवटी, अगदी घशाशी.

सेक्रेटरीसाहेबांनी कपाटातल्या तीन जातींच्या रम शालिकरामभाऊंपुढे ठेवल्या. "यातली बरोबर कोणती, ते तू ठरव."

शालिकरामभाऊ आमचे बारवाले. तीस वर्षं. साहेब बदलतात, हे नाही.

१५ नोव्हेंबर

भलतंच! शालिकरामभाऊंनी मला कोठीत नेऊन दार लावलं.

"बाबूजी, कोनाले सांगू नका. त्या मांगच्या तापानं माही जीभ मेली. साखर का मीठ, काई कळून नाई राह्यलं."

"मग रम कोण निवडणार?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त बटाट्यांचं पोतं!

"अहो, मी भिक्षुकाच्या घरचा. आयुष्यात थेंब घेतला नाही!"

"मंग घेऊ नका ना! तोंडात फिरवा अन् थुका. मले फक्त सांगा काय लागते ते. साहेबाले समजलं तर मले आजच हाकलतीन."

उद्या सांगतो म्हणालो.

१६ नोव्हेंबर

थुंकलं तर प्यालं असं होत नाही. हा निर्णय माझा. शास्त्राधार विचारू नये.

१९ नोव्हेंबर

सुरुवात काळ्या रमपासून. तोंडात घेतली आणि डोळ्यांत पाणी! भाऊंनी पाण्याचा पेला हातात दिला आणि स्वतः डोळे मिटून ऐकायला बसले.

"काय लागलं?"

"गूळ. जळालेला."

"म्होरं का मांगं?"

"मागे. आणि जातच नाही."

संत्र्याचा रस आणि साय घालून पाहिलं. रंग चहाचा, चव काकवीची. संत्रं कुठं पळालं पत्ता नाही! भाऊ म्हणाले, "ते भल्ली दांडगी हाये. सायीवर बसते. सोडा."

मग पांढरी. पाण्यासारखी स्वच्छ, आणि नुसता चटका. संत्रं कळलं, सायही कळली, पण घशाशी काहीच नाही. स्पिरिटचा दिवा विझवल्यावर येतो तसला वास तेवढा राहिला. हे मी सांगितल्यावर भाऊंनी मांडीवर थाप मारली.

"आता बोलले!"

इतका आनंद मला मॅट्रिकच्या निकालाला झाला नव्हता.

२० नोव्हेंबर

सोनेरी! हीच! आईच्या मसाल्याच्या लाकडी डब्याचं झाकण उघडावं तसा वास — जायफळ, वेलदोडा, खाली जुनं लाकूड. चटका आहे, पण उशिरा येतो. बरोबर मडमबाई म्हणाल्या तिथं, घशाशी.

घशाशी कळलं म्हणजे थोडी गिळली गेली. चुकून. दोनदा.

२१ नोव्हेंबर

साय फाटली! काल मी रस बोटभर घालून घाईनं चाखलं होतं. आज पेला पूर्ण भरून ठेवला, तर बघता बघता आत दह्याच्या गुठळ्या. पाच वेळा केलं, पाच वेळा तेच. भाऊ कोपऱ्यात स्टुलावर बसून. "तुमीच पाहा बाबूजी. मले काय समजते आता!"

चिडलो. मग त्यांचा चेहरा पाहून लाज वाटली.

२३ नोव्हेंबर

सिंधूला आडून विचारलं, दुधात संत्रं घालायचं तर?

"आंबट रस कशाला ओतता? वास सालीत असतो. वरची केशरी साल तेवढी काढायची, पांढरं आलं की कडू. आणि साय शेवटी, गारेगार." मग भाकरी थापता थापता म्हणाली, "आणि थुंकून झालं, की मिशा धुवत जा."

म्हणजे सगळं ठाऊक! चार दिवस!

२६ नोव्हेंबर

केशरी साल सोनेरी रममध्ये दिवसभर भिजवली, गाळली. साखरेचा पाक. रस एकच चमचा. बर्फात ठेवलेली साय सगळ्यांत शेवटी. फाटली नाही! एक घोट घेतला.

थुंकलो नाही. लिहून ठेवतो.

१७ डिसेंबर

संध्याकाळी सहाला पहिला पेला मडमबाईंकडे गेला. मी पडद्याआड. बाईंनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि बोट हळूच गळ्यावर ठेवलं. "हेच!"

सेक्रेटरीसाहेब बारवर आले. "शालिकराम, शाबास! रम कोणती?"

"बाबूजीले पुसा. जीभ त्याईची हाये. माह्या जिभेले तापापासून चव नाई, साहेब."

आता दोघांची गेली! भाऊ पुढं म्हणाले, "मी वर्षाखेरीले वरूडले जातो, पोरीकडे. इथं भायेरचा मानूस ठेवान, तर सारे साहेबलोक पेला परत धाडतीन."

२१ डिसेंबर

बार माझ्याकडे! एक जानेवारीपासून. बाबांना पत्र टाकलं, 'क्लबात बढती मिळाली.' कसली, ते समक्ष सांगेन. तोवर धीर गोळा करतो.

३१ डिसेंबर

शालिकरामभाऊ गेले. मोटारीत बसताना म्हणाले, "वरीसभर मापानंच ओता, बाबूजी. अंदाज मंग." तीस वर्षांची नोकरी, आणि शेवटी जिभेनं दगा द्यावा!

८ जानेवारी १९३३, वरूड

क्लबासाठी संत्री घ्यायला आलो. भाऊंनी ओढून जेवायला नेलं. मी त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंना विचारलं, "जिभेला काही उतार?"

"याईच्या जिभेले काय झालं? कालच वरनात हिंग कमी म्हनून ताट सरकवलं! तीस वर्सं तेच पाहून राह्यली!"

मी भाऊंकडे बघितलं.

"भात घ्या, बाबूजी," ते म्हणाले. मान वर केली नाही.