गिरणीबागेतले सतरा बिल्ले

४ मार्च १९३४, रविवार
नांदगाव स्टेशनावर उतरून टांग्याने येथे पोचलो. गाव फर्मास आहे! विणकरपुऱ्यात अजून माग खडखडतात. गिरणीची चाळ मात्र निम्मी ओस पडली आहे. बारा वर्षांपूर्वी आगीत बंद पडलेल्या या गिरणीच्या आवारात सार्वजनिक बाग करायला म्युनिसिपालिटीने मला नेमले आहे. सहा वर्षे पुण्यात दुसऱ्यांचे गुलाब छाटले, आता बाग माझी. कोटावर पितळी बिल्लाही मिळाला, दिवसातून चारदा पुसतो. लोक मात्र तिरसट. पाणी मागितले तर चाळीतल्या बाईने तोंडावर दार लावले. असो. अठरा तारखेला मनोरमा येईल, म्हणजे निदान घरात तरी कोणी धड बोलेल.

७ मार्च
कडुनिंबाखाली वाफे खणताना नजीर माळ्याच्या कुदळीला फडक्यात गुंडाळलेले पितळी बिल्ले लागले. गिरणीतल्या कामगारांचे, नंबर घातलेले, सतरा. नजीरने कुदळ तिथेच टाकली. गाडलेले उकरू नये, एवढे पुटपुटून घरी गेला. कामचुकाराला निमित्तच हवे असते. मी स्वतः चिंच लावून बिल्ले लखलखीत केले. फाटकाच्या खांबावर, बाहेरच्या अंगाला, खिळे मारलेली जुनी फळी आहे. तिच्यावर नंबरवार टांगले. उद्घाटनाला म्युनिसिपालिटीचे साहेब खूश होतील.

९ मार्च
भर दुपारी सतरा बायका फाटकाशी आल्या. त्यांतली गोजराबाई बोलली. गिरणीत शिरताना बिल्ला खिळ्याला लावायचा, सुटी झाली की काढून घ्यायचा, अशी रीत होती. आगीच्या दिवशी दारे बाहेरून बंद होती आणि संध्याकाळी सतरा बिल्ले खिळ्यांवरच राहिले. पुढे आत रोज दुपारी ओरडणे ऐकू येई. बायकांनी बिल्ले काढून पुरले तेव्हा ते थांबले.
"तुम्ही त्यांला परत कामावर लावलं, साहेब," ती म्हणाली.
मी हसलो. हसलोच, खोटे कशाला लिहू? उद्घाटनापर्यंत बिल्ल्यांना कोणी हात लावायचा नाही, असे वर दटावले.

११ मार्च
दुपारी भोंगा वाजला. बॉयलर तर केव्हाच भंगारात गेला आहे. वाफ्यांवर कापसाचे तंतू पडले होते. बायकांनी येऊन आपापल्या माणसाचा बिल्ला काढून नेला. मी अडवले नाही.

१२ मार्च
सकाळी सतराही बिल्ले पुन्हा खिळ्यांवर. हात लावला तर चटका बसला. वाणी तांदूळ देत नाही, टांगेवाला मान फिरवतो. गोजराबाईची माफी मागितली. ती माझ्या कोटावरच्या बिल्ल्याकडे बराच वेळ बघत राहिली. घरी कोण असते, म्हणून विचारले. बायको रविवारी येणार, असे सांगून बसलो.

१५ मार्च
कोट कडुनिंबाला अडकवून गुलाब लावत होतो. बिल्ला नाहीसा झाला. फाटकाच्या गजांतून मान काढून पाहिले — फळीवर आहे, हात पोचत नाही. बायकांनी आपापले सतरा उतरवले आणि हसत गेल्या. आज ते परत आले नाहीत.
फाटकाला कुलूप नाही. तीनदा बाहेर पाऊल टाकले. तिन्ही वेळा समोर तोच कडुनिंब.

१६ मार्च
नजीर आला होता. बिल्ला काढ म्हणून त्याच्यापुढे हात जोडले. तो रडला. परक्याच्या हाताने निघत नाही म्हणाला, घरच्या माणसानेच काढावा लागतो. एकदा उकरलेले नुसते काढून भागत नाही, पण बदली एक आत अडकला की सतरा सुटतात, हे बायकांना ठाऊक होते. त्यालाही होते.
म्हणजे मनोरमा. रविवारपर्यंत तग धरला पाहिजे. तिने नुसता हात लावला तरी पुरे.

१७ मार्च
खोकल्यातून कापूस पडतो. भिंती कोमट लागतात. मला मरायचे नाही.

१८ मार्च, रविवार
टांगा! तीच. हिरवे लुगडे, हातात ट्रंक — हाका मारतो आहे, तिला ऐकू जात नाही — फळीपाशी थांबली. बिल्ला ओळखला! माझा म्हणून ओळखला — हात पुढे केला —
गोजराबाईने तिचे मनगट धरले.
"हात नका लावू बाई, तापलंय ते. साहेब तर कवाच पुण्याला गेले. चला, भाकर खाऊन घ्या."
मनोरमा, नको — एकदाच मागे बघ — ट्रंक गोजराबाईने उचलली, दोघी चाळीकडे —
भोंगा झाला. बाहेरून कोणी दारे लावतो आहे, एक, दोन — मनोरमा, तो बिल्ला —