‘लोखंडी पाव्हणा’ आणि सुग्राबीचा आवाज यांची निरवानिरव

मी, रहमत खान वल्द इस्माईल खान, वय चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा तंबू टॉकीज, राहणार घाटंजी, जि. यवतमाळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. राग आहे, पण रागामुळे माणूस वेडा ठरत नाही असे वकिलांनी सांगितले.

१. घर आणि बँकेतली ठेव मुलगा साद व मुलगी नुजहत यांना शरियतप्रमाणे जाईल. सादला बेदखल करायचे होते. आमच्या कायद्यात ते बसत नाही, म्हणून त्याचे फावले. मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्सा मात्र मृत्युपत्राने बाहेरच्या कोणालाही देणे माझ्या हातात आहे.

२. ‘लोखंडी पाव्हणा’ या जुन्या मराठी सिनेमात मंगळावरून आलेला यंत्रमानव आपल्या इकडच्या एका गावात मरतो. आमच्याकडच्या शेवटच्या रिळाचा आवाज गेलेला होता. म्हणून माझी मरहूम बायको सुग्राबी पडद्यामागे माइक धरून त्याचे बोलणे मनाने बोलायची: "मले परत नका धाडू. इथं मले नावानं हाका मारतेत." तंबूतल्या बाया पदराने डोळे पुसायच्या. मूळ संवाद काय होता ते कोणीही विचारले नाही.

३. साद मुंबईत दिग्दर्शक झाला आणि हाच सिनेमा नव्याने काढायला निघाला. यंत्रमानवाला अम्मीचाच आवाज देतो म्हणून तिच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट घेऊन गेला.

४. तो सिनेमा मी वणीला त्याच्या शेजारी बसून पाहिला. यंत्रमानवाला काळा चष्मा, बर्फात गाणे, मधेच मोबाईलची जाहिरात. शेवटी तो मरतच नाही, कारण दुसरा भाग काढायचा आहे. आवाज कुण्या हिरोचा. इतका भिकार सिनेमा मी तंबूत फुकटही दाखवला नसता. बाहेर आल्यावर विचारले, अम्मीचा आवाज कुठे? तर म्हणाला, "अब्बा, ट्रायल शोले पब्लिक हसून राह्यली होती त्या आवाजाले. काढून टाकला." कॅसेट मागितली, तर ऑफिस बदलताना हरवली म्हणे. मी एसटीने एकटा परत आलो. तेव्हापासून त्याचा फोन घेत नाही.

५. माझ्या जनाज्याला सादने खांदा द्यावा, तो हक्क मी मोडत नाही. तिथे मोबाईलवर शूटिंग करू लागला तर नुजहतने मोबाईल हिसकून घ्यावा.

६. माझ्या हातातल्या हिश्श्यातून प्रोजेक्टर, पडदा आणि जुन्या सिनेमाची रिळे शेजारीण बबिता मेश्राम हिला द्यावीत. ती अजून गावात पडदा लावून सिनेमे दाखवते. अट एकच. शेवटचे रीळ मुकेच चालवावे, त्यावर कोणाचाही आवाज चढवू नये. घाटंजीच्या जुन्या लोकांना सुग्राबीचे बोल पाठ आहेत, ते बसल्या जागेवरून म्हणतील.

७. त्या खेळाला साद आला तर अडवू नये. शब्द त्याला ऐकू येतील. आवाज कसा होता, हे त्याला कोणी सांगू शकणार नाही. मलाही आता आठवत नाही. कॅसेट लावली की आठवायचा.

हे वाचून, समजून सही केली.

रहमत खान

साक्षीदार : १. भीमराज मेश्राम २. गोपाल राठोड
स्थळ : घाटंजी. दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५