चाकाखालचं लिंबू

दसरा, १९८५. घाटकोपर.

आज सवयीने विजूच्या मोटारसायकलला झेंडूचा हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. ही म्हणाली, "अहो, पोरगा जाऊन वर्ष नाही झालं. यंदा आपल्याला सण नाही." खरंच विसरलो होतो. रडूही आलं नाही.

दर दसऱ्याला लिंबू मीच ठेवायचो. तो शर्यतीला निघाला की मी गाडीपर्यंत मागे मागे जायचो. "हळू चालव रे," म्हटलं की हसायचा. "बाबा, हळू चालवून शर्यत जिंकतात का? एकदा मागे बसा, भीती पळेल." कधी बसलो नाही. चिखलाने माखून परत यायचा आणि शेवटून दुसरा आला तरी चाळभर पेढे वाटायचा.

गाडीवर कधी मोठं लागलं नाही त्याला. गेला तो काविळीने, अंथरुणात. मग मी एवढी वर्षं कशाला घाबरत होतो?

लिंबू तसंच होतं. उचलावं का? पण ते गाडीनेच चिरडायचं असतं. शेवटी मीच गाडी ढकलली. लिंबू फुटलं. गाडी परत स्टँडवर लावली आणि वर चढून बसलो. मागे. पुढची जागा सोडून.