मधातली कॅप्सूल

सदाशिव पेठ, पुणे ३०
१७ नोव्हेंबर २०००

प्रिय आनंद,

तुला तिकडे परदेशी जाणारे माझे मेल इथे तुझी बायको जया टाइप करते आणि हा मजकूर तिच्या नजरेला पडायला नको, म्हणून हाताने लिहिते आहे. फोन बैठकीत, तुझ्या बाबांच्या उशाशी, म्हणून तोही नको. तेव्हा कुकर लावून स्वयंपाकघरात बसले आहे. बाबा आता बरे आहेत. काल कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन जुना साबुदाणा दिला म्हणून भांडून आले, म्हणजे तब्येत पूर्ववत समज.

मी संशयी आहे हे तू लहानपणापासून ऐकत आला आहेस. असेन. दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय मी दूधवाल्याला जिना उतरू दिला नाही, आणि तुझ्या तापाचं लाल औषध आधी स्वतः चाखल्याशिवाय तुला पाजलं नाही. कसबा पेठेत तुझ्या आजोबांचा, आमच्या अण्णांचा, दवाखाना होता. वैद्याच्या घरात औषध डोळ्यांसमोर कुटायचं, खलात घोटायचं आणि मधातून चाटवायचं. आत काय आहे ते माहीत असायचं. तुमच्या गोळ्यांचं तसं नाही. मध्यंतरी भजनी मंडळात कोणीतरी पेपरातलं कात्रण आणलं होतं. गोळीत औषध चिमूटभर, बाकी नुसतं पीठ, खडू आणि रंग. आणि कॅप्सूलचं टरफल म्हणे जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात. तुझ्या वाढदिवसाच्या केकमध्ये अंडं आहे कळल्यावर ज्या बाबांनी तीनदा चुळा भरल्या, त्यांच्या पोटात हे जाणार?

आणि नेमकं तेव्हाच जयाने डॉक्टरांशी परस्पर बोलून बाबांची रक्तदाबाची दोन वेळची गोळी बंद केली आणि दिवसातून एकदाच घ्यायची गुलाबी कॅप्सूल आणली. का, तर संध्याकाळची गोळी बाबा विसरतात. मला विचारलं नाही. आपला ओळखीचा औषधवाला सोडून तिच्या कंपनीच्या वाटेवरच्या दुकानातून आणली. माझ्या मनात पाल चुकचुकली. सकाळी निघताना ती कॅप्सूल वाटीत काढून ठेवायची. तिसऱ्या दिवशी बाबा बेसिनपाशी कोसळले. नाडीचे ठोके चाळीसवर आले होते. त्यांना दवाखान्यात ठेवलं त्याच संध्याकाळी मी तुला ते पत्र लिहिलं, की जयाने बाबांना काय आणून दिलं देव जाणे, हिच्यावर विसंबू नकोस.

ते पत्र तुला पोचलं हे मला गेल्या रविवारी कळलं. तू बाबांशी बोललास, माझ्याशी बोललास, आणि जया ओढणीला हात पुसत येईपर्यंत फोन ठेवून दिलास. तिने रिसीव्हर कानाला लावून पाहिला. मग म्हणाली, लाइन तुटली असेल. त्या रात्री ती जेवली नाही.

आता जे तुला कोणी सांगितलं नाही ते सांगते. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी उरलेली पट्टी पाहिली. औषध अस्सल होतं. कॅप्सूल घेता कशी, असं त्यांनी विचारलं, तर बाबा म्हणाले, मधातून, चाटण करून. कोणी केलं, काय घातलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. पुढ्यात आलं की घेतात. डॉक्टर चमकलेच. म्हणाले, आतल्या बारीक दाण्यांवर एक लेप असतो. तो स्वतः औषध नव्हे, पण तोच औषधाला दिवसभर थोडं थोडं सोडतो. नुसतं टरफल काढलं असतं तर एक वेळ चाललं असतं. दाणे घोटले म्हणून दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरलं. टरफलाला हरकत होती तर सांगायचं, दुसरी गोळी दिली असती. कोणी केलं हे? माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत जया म्हणाली, मी. बाबा तिला सगळ्यांदेखत बोलले, एवढं शिकून काय उपयोग? मी थर्मासचं झाकण आवळत उभी राहिले.

आनंद, ती सातच्या बसला गेली की वाटीतली कॅप्सूल मी उचलत होते. टरफल कागदात गुंडाळून केरात टाकत होते आणि दाणे अण्णांच्या खलात घोटत होते. तिन्ही दिवस मीच. खलाला चिकटलेला चुरा तिने घासताना पाहिला असणार. मला एका शब्दाने बोलली नाही. ही कधी बोलून दाखवते म्हणून मी दोन आठवडे तिच्यावर डोळा ठेवून आहे. इतकं चांगलं कोणी फुकट वागतं का, असंही मनात आलं. लाज वाटते लिहायला, पण आलं.

मागचं पत्र फाडून टाक आणि हे वाचलंस की आधी तिला फोन कर. बाबांना मी आज जेवताना सांगणार आहे. तिच्या नजरेला पडायला नको असं वर लिहिलं खरं, पण लिहिता लिहिता मत बदललं. तुझा तिकडचा पत्ता मला इंग्रजीत लिहिता येत नाही. मागच्या पाकिटावरही तो जयानेच लिहिला, तिकीट लावलं आणि पोस्टात टाकून आली. ते पाकीट मी तिच्या हातात देण्याआधी डिंकाने नीट चिकटवलं होतं. हे तिला उघडं देणार आहे.

तुझीच,
आई