तो नसीर मी नव्हे

वराळे,
१२ जानेवारी २०२५

प्रिय अजीम,

सलाम, आणि लांबूनच डोक्यावरून हात. सूनबाई जीनत बरी आहे. रुमाईसा नर्सिंगच्या पुस्तकांतून मान वर काढत नाही. इंद्रायणीवर सकाळी असं धुकं असतं की पलीकडचा काठ कुणी खोडरबराने पुसल्यासारखा वाटतो. मला शाळेतले थंडीतले तास आठवतात. मुलं एका सुरात कविता म्हणायची आणि मी शिपाई, घंटेचा हातोडा हातात धरून दाराशी ऐकत राहायचो. तुझी अम्मी म्हणायची, "आजही मधली सुट्टी कवितेत बुडवलीत वाटतं."

तू नंबर दिलास त्या प्रदीपकडे जाऊन आलो. घोरावाडी स्टेशनजवळ मोबाईलच्या दुकानावर त्याची खोली आहे. रुमाईसाच्या फीचं कर्ज माझ्या सहीवर बँक देईना, माझा सिबिलचा, म्हणजे पत मोजायचा, आकडा खाली गेलाय. प्रदीप पैसे घेऊन असे आकडे वर आणून देतो.

का खाली गेला ते तुला कुणी सांगितलं नसेल. अम्मीच्या दवाखान्यासाठी मी एका फायनान्सवाल्याकडून कर्ज काढलं होतं. ती गेली तेव्हा जनाज्यापुढे उभं राहून विचारायचं असतं ना, मय्यतीकडे कुणाचं काही येणं असेल तर मला सांगा, मी फेडीन. ते मी विचारलं. मग औषधवाला आला, रिक्षावाला आला, भाजीवाली भागुबाई तर लाजत लाजत आली. पेन्शनीतून त्यांचं सगळं आधी फेडलं. फायनान्सवाला काही तिथे उभा नव्हता. त्याचे हप्ते राहून गेले. तेव्हा मला ते बरोबरच वाटलं.

प्रदीप हसला. "काका, फारच साधे तुम्ही. एक ओळ लिहून द्या, हे कर्ज घेणारा नसीर मी नव्हे. बाकी मी बघतो."

"मग तो कोण?"

"असेल कुणी. त्याचं तो बघेल."

लिहून दिलं. रुमाईसाचा चेहरा डोळ्यांपुढे होता. सोमवारी तो ते पुढे पाठवणार होता.

दुसऱ्या दिवशी भागुबाई दारात. "आबा, सकाळच्याला कबरस्तानातनं येताना हाक मारली, तर वळला बी न्हाई. रागावलाय व्हय?"

"मी घरातच होतो."

"मंग शाळेचा खाकी कोट घालून कोन गेलतं? माजे डोळे अजून बाजारात इकले न्हाईत."

तो कोट अम्मीने केव्हाच उसवून गोधडीत घातला. गोधडी माझ्या अंगावर होती.

मी हसण्यावारी नेलं. पण स्टेशनसमोरचा चहावाला पैसे घेईना. म्हणाला, आत्ताच तर देऊन गेलात.

मग एक सकाळ अशी आली की तुझ्या अम्मीचं शेवटचं बोलणं आठवेना. दवाखान्याची खाट आठवते, पंख्याची घरघर आठवते, तिचे ओठ हललेले आठवतात. आवाज नाही. दाराशी उभं राहून ऐकलेल्या कविता मला कडव्यांसकट पाठ आहेत, आणि हे मात्र गेलं. तिच्यासाठी ज्याने कर्ज काढलं, तिच्या उशाशी जो बसला, तो मी नव्हे असं मीच लिहून दिलं होतं. मग तिचं बोलणं माझ्याकडे कशाला राहील?

भर दुपारी कबरस्तानात गेलो. स्वच्छ ऊन होतं. तिच्या उशाशी पाठमोरा एक जण बसलेला. खाकी कोट. सब्जाच्या रोपाला पाणी घालत तो हळू आवाजात काही सांगत होता, पलीकडचं माणूस हुंकार देत असावं अशा बेताने. माझी सावली त्याच्यापर्यंत पोचली तसा थांबला. न वळता, माझ्याच आवाजात म्हणाला, "अजीम आला का?"

"नाही," मी म्हणालो.

तो थोडा सरकला, जागा करून दिल्यासारखा. मी बसलो नाही. तसाच घोरावाडीला गेलो आणि प्रदीपकडून तो कागद मागून घेतला.

"काका, पोरीचं वर्ष बुडेल," तो म्हणाला.

खरं आहे ते. थकलेले हप्ते मी भरायला घेतलेत, पण आकडा सावकाश वर येतो म्हणे, आणि फीची तारीख महिनाअखेरची आहे. म्हणून सही तुझी लागेल. 'माझ्या नावावर नको' म्हणालास, ते ऐकलंय मी. पण तिचा बाप तू आहेस.

आणि आता लिहितोच. जनाज्यापुढे ते विचारायचं काम मुलाचं असतं. सुरतेहून तू निघाला असशील म्हणून मी मौलानांना दोनदा थांबवलं. लोक उन्हात उभे होते. पुन्हा थांबवायला तोंड नव्हतं, तेव्हा मी विचारलं. का आला नाहीस ते मी विचारणार नाही.

कागद परत आला, अम्मीचं बोलणं आलेलं नाही. शेवटी तिने माझ्या हातातून फोन ओढून घेतला होता. पलीकडे तू होतास. ती जे बोलली ते आता फक्त तुझ्याकडे असेल. सही करायला येशील तेव्हा तेही घेऊन ये. फोनवर सांगू नकोस.

तुझ्या अम्मीसाठी कर्ज काढणारा,
तुझा अब्बा
नसीर